सूर्यास्तापूर्वीचे ताट : नांदगाव खंडेश्वर ते तैपेई

अमरावतीहून बडनेरामार्गे यवतमाळकडे निघाले की वाटेत नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव लागते. खंडेश्वर महादेवाच्या यादवकालीन हेमाडपंती मंदिरामुळे गावाला हे जोडनाव मिळाले. आसपास काळी जमीन, कापूस, सोयाबीन आणि तूर. बाजारपेठेत कृषिसेवा केंद्रे, कापड, किराणा आणि धान्याची अडत. हे गाव उपाहारगृहांसाठी प्रसिद्ध नाही. बसस्थानकाजवळ सकाळी पोहे आणि आलुबोंडा, दुपारनंतर कचोरी आणि दिवसभर चहा, एवढीच साधी चैन. मोठ्या रस्त्यावर ढाबे आहेत, पण त्यांची खरी वर्दळ दिवेलागणीनंतर सुरू होते.

नेमकी हीच वेळ चौविहार पाळणाऱ्याची नव्हे. म्हणून अशा गावातील जैन व्यापारी कुटुंबाला बाहेरचे जेवण हा चवीचा विषय होण्याआधी तीन प्रश्नांचा विषय होतो. कोणी शिजवले, कशात शिजवले आणि केव्हा वाढले? गाव सोडून हे कुटुंब अमरावतीला गेले, पुण्याला गेले किंवा सातासमुद्रापलीकडे गेले तरी हे तीन प्रश्न बरोबरच प्रवास करतात. फरक पडतो तो उत्तर देणाऱ्यात.

बासा आणि भोजनशाळा

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. पुढे १८६७ मध्ये रेल्वे बडनेरामार्गे नागपूरला पोहोचली. राजस्थान, गुजरात आणि कच्छकडील व्यापाऱ्यांचा ओघ या प्रदेशात वाढला. कारंजा लाडसारख्या गावांत तर जैन परंपरा त्याहून कितीतरी जुनी होती. घर सोडून पेढीवर आलेल्या तरुण मुनिमांच्या जेवणाचे काय, हा प्रश्न व्यापाराइतकाच निकडीचा होता. कोलकाता, मुंबई यांसारख्या व्यापारी शहरांत मारवाडी पेढ्यांनी त्यावर ‘बासा’ हे उत्तर शोधले. एक स्वयंपाकी, एक चूल आणि एकाच रीतीचे अन्न जेवणारी माणसे. तेथे मेनूकार्ड नसे आणि शंकाही नसे, कारण शिजवणारा आणि जेवणारा एकाच आचाराचे असत.

तीर्थक्षेत्रातील भोजनशाळा ही त्याच विश्वासाची दुसरी बाजू होय. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ असो, परतवाड्यापलीकडची मुक्तागिरी असो किंवा कारंजा, वऱ्हाडातील कुटुंबांना परगावी निश्चिंत जेवण्याची पहिली सवय तेथे लागली. कारंजाला १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. अशा गुरुकुलांतून शिकलेल्या मुलांना दिवसाउजेडी जेवणे हा नियम वाटेनासा होऊन ती दिनचर्या झाली. भोजनशाळेत पाणी उकळलेले असते, तिथीला हिरवी भाजी नसते आणि सूर्य कलू लागला की वाढप्यांची लगबग वाढते. तेथे निवड नसते, पण विचारपूसही करावी लागत नाही.

शेतातील रोडगे

नांदगावच्या अडत्याला बाहेर जेवण्याचे सर्वांत जुने निमंत्रण येते ते शेतकऱ्याकडून. हिवाळ्यात शेतात रोडग्यांचा बेत ठरतो. गव्हाच्या जाडसर पिठाचे थर देऊन केलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यावर तूप आणि वरण घ्यायचे आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. वऱ्हाडी मनाला यापरते सुख नाही.

परंतु जैन पाहुण्यासाठी या थाळीत तीन अडचणी असतात. वांगे बहुबीज म्हणून अनेक घरांत वर्ज्य, वरणाला लसणाची फोडणी आणि बेत संध्याकाळचा. डिसेंबरच्या आरंभी या भागात पावणेसहाच्या आतच सूर्य मावळतो. तरीही अशी निमंत्रणे पिढ्यान्‌पिढ्या स्वीकारली गेली, कारण यजमानाला पाहुण्याचा नियम ठाऊक असतो. विस्तव दुपारीच पेटतो. “शेठजी, तुमचं वरन फोडनीआधीच येगळं काढलं,” असे सांगितले जाते आणि ते खरे असते. वांग्याऐवजी दोडक्याची किंवा भोपळ्याची भाजी होते. पुढच्या हंगामात त्याच शेतकऱ्याची तूर त्याच अडतीवर येणार असते. हिशेबातला खरेपणा आणि वरणातला खरेपणा ही दोन्ही एकाच ओळखीची फळे असतात.

‘जैन’ या शब्दाची साख

अमरावतीला आले की ओळखीची जागा मेनूकार्ड घेते. पंजाबी, दाक्षिणात्य, चायनीज, इटालियन, सारे एकाच कार्डावर मिळते आणि अनेक पदार्थांपुढे ‘जैन उपलब्ध’ असे छापलेले असते. व्यापारी घराला समजेल अशा भाषेत सांगायचे तर हा शब्द दर्शनी हुंडीसारखा आहे. हुंडीचा कागद कितीही सुबक असो, तिचे मोल तो कागद लिहिणाऱ्या पेढीच्या साखीवर ठरते. मेनूवरील ‘जैन’ या शब्दाचे मोलही स्वयंपाकघराच्या साखीवर ठरते.

ते स्वयंपाकघर कसे चालते, हे समजून घेतले पाहिजे. बहुतेक उपाहारगृहांत लाल, पिवळी आणि पांढरी अशा मूळ ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यांत तयार होतात. लाल आणि पिवळ्या ग्रेव्हीचा पाया बहुधा कांद्याचाच असतो, आणि अनेक ठिकाणी पांढरीतही उकडलेला कांदा असतो. गर्दीच्या वेळी दहा मिनिटांत भाजी टेबलावर येते ती या पूर्वतयारीमुळे. जैन भाजीसाठी टोमॅटो, काजू आणि मगज यांची वेगळी ग्रेव्ही करावी लागते. ज्या ठिकाणी ती रोज होते तेथे मागणी नियमित असते आणि आचाऱ्याला सवय असते. ज्या ठिकाणी ती होत नाही तेथे ‘जैन’ म्हणजे वरून कांदा न घालणे, एवढाच अर्थ उरतो.

पुढचा प्रश्न कढईचा. बटाट्याचे तळण ज्या तेलात होते त्याच तेलात कच्च्या केळ्याचे जैन कटलेट तळले जाते का? पावभाजीचा तवा एकच आहे का? नूडल्सची कढई नुसती पुसली जाते की धुतली जाते? बाटलीबंद शेजवान सॉसमध्ये लसूण असतोच. टोमॅटो केचपमध्येही बहुधा कांदा-लसूण असतो. तयार पिझ्झा सॉस, सूपची पावडर आणि पाकिटातील मसाले यांचेही तेच. मेयोनीज अंड्याविना मिळते, पण ते विचारावे लागते. दह्याच्या पदार्थांचा नियम तर अनेक आचाऱ्यांच्या गावीही नसतो. अमरावतीचा प्रसिद्ध गिला वडा उडदाच्या डाळीचा आणि वर दही. कच्चे दही आणि द्विदल एकत्र न घेणाऱ्या घरांना तो गरम केलेल्या दह्यासह हवा असतो. ही मागणी ऐकून विक्रेता प्रथम गोंधळतो. कारण सांगितले की बहुधा समजून घेतो.

आपल्या देशातील हिरव्या ठिपक्याचेही असेच आहे. २००१ पासून वेष्टनबंद खाद्यपदार्थांवर शाकाहाराची ही खूण अनिवार्य झाली आणि लाखो कुटुंबांची सोय झाली. परंतु हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, जैन आहार सांगत नाही. मध, बटाटा, कांदा, लसूण हे सारे त्या ठिपक्याआड सुखाने राहू शकते. म्हणून खूण पाहिल्यावरही बारीक अक्षरांतील घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जैन ग्राहकांच्या आग्रहाने भारतातील खाद्यव्यवसाय खरोखर बदलला आहे. मुंबईत कच्च्या केळ्याची पावभाजी आणि मटाराचा समोसा आता नवलाईचे राहिलेले नाहीत. मॅक्डोनाल्ड्स ही अमेरिकन साखळी १९९६ मध्ये भारतात आली तेव्हा तिला शाकाहारी पदार्थांसाठी वेगळा स्वयंपाकविभाग आणि अंड्याविना मेयोनीज अशी व्यवस्था करावी लागली. ती केवळ जैनांसाठी नव्हती, पण ग्राहकाने नम्रपणे आणि सातत्याने विचारलेला प्रश्न मोठ्या कंपनीलाही ऐकावा लागतो, हे त्यातून दिसले.

समृद्धी महामार्ग आणि सूर्याचे घड्याळ

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि अखेरचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. पूर्वी मुंबईचा प्रवास म्हणजे बडनेऱ्याहून रात्रीची गाडी आणि सोबत डबा. आता सकाळी निघून दिवसाउजेडी पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

या रस्त्याने जेवणाची रीत मात्र बदलली. जुन्या रस्त्यावर गावे लागत, ओळखीचा किराणेवाला लागे, एखाद्या नातेवाइकाचे घर लागे. समृद्धीवर ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येते. सुरुवातीच्या काळात तेथे खानपानाच्या सोयी फारच तुरळक होत्या. त्यामुळे अनेक कुटुंबांनी खाकरा, ठेपले, दशम्या आणि सुकी भाजी यांचा जुना डबा पुन्हा बाहेर काढला. नव्यातल्या नव्या रस्त्याने जुन्यातली जुनी शिदोरी परत आणली, हा योग गमतीचाच.

प्रवासाची आखणीही सूर्याच्या घड्याळावर करावी लागते. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. त्यानंतर नाश्ता करून निघाले तर दुपारचे जेवण वाटेत आणि संध्याकाळचे सूर्यास्तापूर्वी कोठे तरी. येथे भूगोल थोडी मदत करतो. मुंबई अमरावतीच्या पश्चिमेला असल्याने तेथे सूर्य सुमारे वीस मिनिटे उशिरा मावळतो. जून अखेरीस अमरावतीत सातच्या सुमारास सूर्यास्त होतो, तर मुंबईत सव्वासात उलटून गेलेले असतात. पश्चिमेकडे जाणाऱ्याला ही वीस मिनिटे बक्षीस मिळतात आणि परत येताना तेवढीच परत द्यावी लागतात.

विमानप्रवासात हा हिशेब आधीच सांगून ठेवता येतो. विमान कंपन्यांच्या विशेष भोजनांच्या यादीत ‘व्हीजेएमएल’ हे जैन भोजनाचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेतनाम आहे. नुसते ‘हिंदू’ किंवा ‘आशियाई शाकाहारी’ भोजन मागितले तर ताटात बटाटा येऊ शकतो. जैन भोजनाची मागणी साधारणपणे प्रवासाच्या किमान २४ तास आधी नोंदवावी लागते. ऐन विमानात चढल्यावर मागणारा उपाशी राहतो, आणि दोष मात्र विमान कंपनीला देतो.

परक्या देशातील ओळखीचे नियम

परदेशात भाषा बदलते, भाज्या बदलतात, पण शोध घेणाऱ्याला तेथेही स्वतःसारखे नियम पाळणारी माणसे भेटतात. तैवानची राजधानी तैपेई हे त्याचे उत्तम उदाहरण. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारात मांस-मासळीबरोबर पाच उग्र वस्तूही वर्ज्य असतात. लसूण आणि कांद्याच्या कुळातील भाज्या त्यात येतात. तैवानमध्ये वेष्टनबंद शाकाहारी पदार्थांवर तो पूर्ण शाकाहारी आहे की दूध, अंडे किंवा या उग्र भाज्या असलेला, हे स्पष्ट लिहावे लागते. कांदा-लसणाविना शाकाहार म्हणजे काय, हे तेथे विस्ताराने समजावून सांगावे लागत नाही.

गंमत अशी की त्या पाच वर्ज्य वस्तूंत हिंगही आहे. जैन स्वयंपाकघरात लसणाची उणीव जो भरून काढतो, तोच हिंग तेथील व्रतस्थाला चालत नाही. उलट गाजर, मुळा, बटाटा, कमळकाकडी आणि अळंबी तेथे मुक्तपणे वापरली जातात. म्हणजे दोन परंपरा अर्ध्या वाटेवर भेटतात आणि उरलेली अर्धी वाट विचारतच चालावी लागते.

थायलंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवसांचा शाकाहार उत्सव असतो. त्या काळात दुकानांवर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर झळकते. त्या अक्षराचा अर्थ मांस, मासळी, अंडी, दूध आणि लसूण-कांदा यांपासून मुक्त. खरेदीसाठी बँकॉकला जाणाऱ्या व्यापाऱ्याने ते एक अक्षर ओळखायला शिकले तर अर्धी चिंता मिटते. एरवी तेथील बऱ्याच पदार्थांत मासळीचे पातळ सॉस असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

जपानमध्ये अडचण अधिक सूक्ष्म आहे. तेथील सूप आणि भाज्यांचा आधार असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा सुकवलेल्या मासळीचा असतो. वर फक्त भाज्या तरंगत असल्या तरी पदार्थ शाकाहारी नसतो. बौद्ध मठांच्या परंपरेतील ‘शोजिन’ भोजनात तोच अर्क समुद्रशेवाळ आणि अळंबीपासून करतात. हा मांसविरहित पर्याय होय, परंतु शेवाळाला अनंतकाय मानणाऱ्या घरांना तोही चालणार नाही.

युरोपात प्रश्न चीजचा. इटलीचे मूळ पार्मेजान चीज वासराच्या जठरातील रेनेटनेच जमवले जाते, तो त्याच्या अधिकृत कृतीचाच भाग आहे. म्हणून ‘शाकाहारी’ पास्त्यावर ते भुरभुरले की पास्ता जैन कुटुंबाच्या कामाचा राहत नाही. भारतात हिरव्या ठिपक्याच्या चीजसाठी प्राणिजन्य रेनेट वापरता येत नाही, त्यामुळे ही शंका येथे मनात येत नाही आणि तेथे घात होतो. तरीही युरोपात दिलासा देणाऱ्या जागा आहेत. झुरिचचे ‘हिल्टल’ १८९८ पासून शाकाहारी जेवण देत आले आहे. जगातील सर्वांत जुने अखंड चालू असलेले शाकाहारी उपाहारगृह म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे आणि त्याच्या पदार्थांत भारतीय पदार्थांचाही समावेश असतो. बेल्जियममधील अँटवर्पला हिरे-व्यापारामुळे पालनपुरी जैनांची वस्ती झाली, मंदिर उभे राहिले. लंडनच्या वेंबलीत ईलिंग रोडवर गुजराती शाकाहारी उपाहारगृहे आहेत. व्यापार जेथे स्थिरावतो तेथे चूलही स्थिरावते, हा बाश्याचा जुना नियम परदेशातही खरा ठरला आहे.

सूर्य मात्र तेथे वेगळीच परीक्षा घेतो. लंडनमध्ये जूनमध्ये तो रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यास दुपारी चारच्याही आधी. उन्हाळ्यात चौविहार सोपा, हिवाळ्यात दुपारचे आणि संध्याकाळचे जेवण जवळजवळ एकच.

एका टेबलावर तीन ताटे

नांदगावसारख्या गावातील कुटुंबाचा खरा प्रश्न मात्र तैपेईत किंवा लंडनमध्ये सुटत नाही. तो दिवाळीच्या सुट्टीत अमरावतीच्या एखाद्या हॉटेलातील टेबलावर येऊन बसतो. आजीचा चौविहार असतो आणि ती बाहेरचे पाणीही घेत नाही. मुलगा घरात कंदमूळ खात नाही, पण व्यवसायाच्या निमित्ताने बाहेर फिरताना त्याने सवलत घेतलेली असते. पुण्यात नोकरी करणारी नात कंदमूळ खाते, पण दूध आणि मध सोडले आहे, कारण अहिंसेचा विचार तिला तेथपर्यंत घेऊन गेला. नियम तीन, टेबल एक.

अशा वेळी दोन टोके गाठली जातात. एक टोक म्हणजे बाहेर जाणेच बंद करणे. त्यामुळे नियम टिकतो, पण तरुण मंडळी मित्रांबरोबर एकटीच जाऊ लागतात आणि घरात विचारणे सोडतात. दुसरे टोक म्हणजे मेनूवर ‘जैन’ वाचून डोळे मिटणे. त्यामुळे एकत्र जेवण होते, पण नियमाचे नुसते नाव उरते. दोन्ही टोकांत हरवते ती एकच गोष्ट, मोकळेपणाने विचारणे.

विचारण्याचीही रीत आहे. जेवणाच्या गर्दीत वाढप्याशी वाद घालण्यापेक्षा सकाळी दूरध्वनी करून मालकाशी बोलावे. ‘जैन करा’ एवढे न सांगता काय चालत नाही ते नेमके सांगावे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओले आले नको. सुंठ आणि सुकी हळद चालेल. कढई धुतलेली हवी, तेल नवे हवे. सायंकाळी पाच वाजता येणार, ही वेळही तेव्हाच ठरवावी. ती घटका हॉटेलवाल्याला मोकळी असते आणि आचाऱ्याला हाताशी वेळ असतो. वेगळ्या कष्टांचे वेगळे दाम द्यावे लागले तर कुरकुर करू नये. व्यापारी माणसाला हे सांगण्याची गरज नसावी.

आणि समोरून “आमच्याकडे हे होणार नाही” असे उत्तर आले तर त्या माणसाचे मनापासून आभार मानावेत. घाईघाईने दिलेल्या होकारापेक्षा हा नकार अधिक मोलाचा असतो. ज्याने आज खरे ‘नाही’ सांगितले, त्याच्या उद्याच्या ‘हो’वर विश्वास ठेवता येतो. बाजारात साख अशीच तयार होते.

घरातही हाच न्याय लागू व्हावा. नातीने आजीसमोर आपण काय खातो ते न लपवता सांगावे, आजीने तिच्या दूध सोडण्यामागचा विचार ऐकून घ्यावा आणि मुलाने दोघींच्या ताटांची नीट चौकशी करून मागणी नोंदवावी. नियम ज्याचा त्याने पाळायचा असतो, पण दुसऱ्याचा नियम पाळला जाईल याची काळजी घेणे हे सहभोजनाचे खरे सार होय. नांदगावच्या शेतात फोडणीआधी वरण बाजूला काढणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.